पॉलिशर कुठला घ्यावा? (सोसायटी पार्किंग ग्रुप)

ए-२०३: नमस्कार मंडळी. आपली गाडी काळी आहे हे सगळ्यांना माहितीच आहे. काल रात्री मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर बॉनेटभर गोल गोल बारीक चरे, कोळ्याचं जाळं पसरल्यागत, आणि दारांवर पाण्याचे पांढरे डाग ते वेगळेच. बाहेर पॉलिश करून घ्यायचा रेट ऐकून तसाच घरी आलो 😅 म्हटलं मशीनच घ्यावी, वर्षातून एखाददुसऱ्या वेळी रविवारी बसून करायचं. पण ऑनलाइन रोटरी, डीए, बफर असलं काय काय दाखवतंय. कुणी वापरलंय का?

डी-००१: मशीन कशाला विकत घेता ओ. माझ्याकडं ग्राइंडर पडलाय, त्याला वेल्क्रोची चकती लावली की झाला पॉलिशर. संध्याकाळी घेऊन जावा.

सी-१०४: काका, पाया पडतो, ग्राइंडर नका देऊ कुणाला. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. पॉलिशिंगची रोटरीसुद्धा हजार-दोन हजारावरच चालवतात.

सी-१०४: आणि हो, रंगाच्या वर जो क्लिअर कोट असतो तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, आणि पॉलिश करणं म्हणजे दुसरं काही नाही, तोच थर वरून थोडा घासून चऱ्याच्या लेव्हलला आणणं, म्हणजे दर वेळी थोडा थोडा जाणारच, आणि दाराच्या कडेला, बॉनेटच्या घडीवर तो अजून पातळ असतो म्हणून तिथं ग्राइंडर टेकला की दोन सेकंदात खालचा रंग दिसतो, मग पॉलिश नाही, डायरेक्ट पेंटरकडं.

बी-४०२: खरंय. आमच्या पाहुण्याच्या गाडीचा कोपरा एका दुकानात असाच जाळला होता. वर म्हणे आधीपासूनच होता.

डी-००१: बरं बाबा राहू दे. 🙏

ए-२०३: मग रोटरी की डीए?

सी-१०४: डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, विचार करायचंच कारण नाही. रोटरीचा पॅड (घासायची फोमची गादी) एकाच जागी गरागरा फिरतो, काम लवकर होतं पण गरम पण लवकर होतो, रोज हातात धरणाऱ्याला जमतं. डीएमधे पॅड फिरतो पण आणि इकडंतिकडं झुलतो पण, त्यामुळं उष्णता एका जागी साचत नाही. वेळ जास्त लागतो. लागू दे की, आपल्याला कुठं गिऱ्हाईकाला पाच वाजता गाडी द्यायचीये.

बी-३०२: ते मोठं गोल असतं, त्याला टॉवेलची टोपी घालतात, ते स्वस्त दिसतंय. ते नाही चालत का?

सी-१०४: वहिनी ते वॅक्स पसरायला ठीक आहे, हाताचे कष्ट वाचतात. चरे काढायचा दम त्यात नाही. जरा दाबलं की फिरायचंच थांबतं.

ए-२०३: डीएमधे पण ८ एमएम, १५ एमएम, २१ एमएम लिहिलंय. हे काय?

सी-१०४: थ्रो. पॅड केवढ्या गोलात झुलतो ते. २१ मोठ्या सपाट भागावर झपाझप चालतो, एसयूव्हीवाल्यांना बरा, पण दाराची वळणं, आरशाच्या आसपास हाताला आवरत नाही. ८ वाला सगळीकडं शिरतो पण बॉनेट करता करता संध्याकाळ. तुमच्या सेडानला १५ घ्या, पाच इंची बॅकिंग प्लेटवाला, म्हणजे ज्यावर पॅड चिकटवतात ती चकती. वॅटचा आकडा बघून भुलू नका, मी म्हणीन हातात धरून बघा आधी, वजन आणि वायर किती लांब आहे ते बघा. स्पीडला डायल पाहिजेच. सुटे पॅड आणि बॅकिंग प्लेट सहज मिळतात का तेवढं विचारा. रूपेस वगैरे इटलीच्या मशीन भारी असतात पण वर्षातून दोनदा करायला एवढा पैसा घालायची गरज नाही असं माझं मत.

बी-४०२: बॅटरीवाला घेतला तर? पार्किंगमधे प्लग कुठाय.

सी-१०४: एका बॅटरीत पूर्ण गाडी होईलच असं नाही, आणि दोन बॅटऱ्या घ्यायला गेलं की बजेट गेलं. वायरवालाच बरा.

सेक्रेटरी: प्लगचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जिन्याखालचा प्लग कॉमन मीटरवर आहे. तिथून मशीन चालवायची नाही. घरातून एक्स्टेंशन सोडा.

ए-२०३: दुसऱ्या मजल्यावरून? 🙄

डी-००१: माझ्या गॅलरीतून घ्या ओ, तळमजला आहे, त्यात काय एवढं.

ए-२०३: धन्यवाद काका 🙏

बी-३०२: पण हे चरे येतात कुठून? आम्ही तर रोज पुसून घेतो गाडी.

सी-१०४: वहिनी तिथंच मेख आहे. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसून घेता म्हणूनच. आपल्या होटगी रोडची धूळ काचपावडरच आहे, त्यावर कोरडं फडकं फिरवलं की झालं. पुसणाऱ्या पोराला काय बोलू नका, त्याला सगळेच तसंच सांगतात. आधी पाण्यानं धूळ उतरवायची, मग शाम्पू, मग हात लावायचा. ते बदललं नाही तर दोन महिन्यात परत तेच जाळं, मशीन कितीची का असेना.

बी-४०२: सोलापुरात राहून टॉवेलची काय कमी. आपला टेरी टॉवेल घ्यायचा, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला 😄

सी-१०४: अंग पुसायला एक नंबर. गाडीला नको. शिवलेली कड रंगावर घासते, आणि जुना धुवून कडक झालेला असला तर मग बघायलाच नको. टायर, दाराच्या खाचा, तिथं वापरा बिनधास्त. कंपाउंड (पॉलिशची घासायची पेस्ट) पुसायला मायक्रोफायबर, जाडसर, आणि जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता बाद.

ए-२०३: पांढऱ्या डागांचं सांगा की.

सी-१०४: ते बोअरच्या पाण्याचे क्षार. नळाला रोज पाणी नाही, मग गाडी बोअरवर धुतली जाते आणि उन्हात आपोआप वाळते. थेंब उडून जातो, क्षार तिथंच बसतात. ताजे असतील तर व्हिनेगरमधे निम्मं पाणी घालून थोडा वेळ ओलं फडकं ठेवा आणि साध्या पाण्यानं धुवा. रंगात उतरले असतील तर मग मशीन. आणि धुतल्यावर हात फिरवून बघा, खरखरीत लागलं तर क्ले बार (चिकटलेला कचरा ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवायचा, नाहीतर तोच कचरा पॅडखाली फिरणार.

बी-४०२: मी उद्याच करतो मग 💪

सी-१०४: दादा एप्रिल आहे! बॉनेटवर भाकरी भाजेल. पत्रा गरम असला की कंपाउंड लावता लावता वाळतं, नुसता पांढरा भुगा उडतो. सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एकतर पहाटे करा नाहीतर थेट गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुमारास, जानेवारीत, थंडीत. आणि तुमच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग आहे ना? मग मशीन लावूच नका, कोटिंग निघून जाईल. मॅट रंगवाल्यांनी पण नाही.

ए-२०३: करायचं कसं ते पण सांगून टाका एकदाच.

सी-१०४: काळ्या प्लास्टिकला आणि रबराला मास्किंग टेप, नाहीतर पांढरं बसतं ते महिनाभर निघत नाही. एका वेळी दोन बाय दोन फूट. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मशीन बंद ठेवूनच आधी पसरवा नाहीतर भिंतीवर नक्षी. मग स्पीड चार-पाचवर ठेवून आडवं, नंतर उभं, सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या निम्म्यावर चढवत. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक काळी रेघ मारा. रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. दाबल्यावर रेघ जागच्या जागी थरथरायला लागली की समजायचं जास्त दाबताय, नुसतं झुलणं चालू आहे, कापणं बंद. आणि पहिल्यांदा सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात हलकं पॉलिश, एका कोपऱ्यात करून टॉर्च मारून बघा. भागलं तर कडक कंपाउंडला हात लावायचा नाही. नखाला अडकतो तो चरा मशीननं जात नाही, तो सोडून द्या.

बी-३०२: आमच्या स्कूटरला चालेल का?

सी-१०४: चालेल वहिनी, पण त्याला छोटी, तीन इंची प्लेट लागेल. ती आपल्या मशीनला बसते का ते आधी विचारा.

डी-००१: मग एकच मशीन चौघांत घेऊ की. वर्षातले दोन दिवस लागणार आणि बाकी वेळ माळ्यावर.

ए-२०३: मी तयार. मशीन सगळ्यांची, पॅड ज्याचे त्याचे.

सी-१०४: बरोबर. एका पॅडवर पूर्ण गाडी होत नाही, भरला की कापत नाही. मधले चार, मऊ दोन मागवा, कडक एक असू दे नुसता. प्रत्येक पॅनलनंतर पॅडला ब्रश मारायचा.

सेक्रेटरी: दुपारी दोन ते चार मशीन बंद. ए विंगच्या आजी झोपतात.

ए-२०३: ओके सर. मागवतो. पैसे डिलिव्हरी झाल्यावर टाका सगळ्यांनी, मागच्या वेळी शिडीचे अजून दोघांचे यायचेत.