माजावरची कुत्री: स्राव फिकट झाला, आता नरासोबत ठेवू का?

प्रश्न
लॅब्रॅडॉर मादी, १० महिन्यांची, पहिलाच माज. आज अकरावा दिवस, लाल स्राव कालपासून फिकट गुलाबी झालाय. घरात नसबंदी न झालेला नर आहे. डायपर घालून दोघांना एकत्र ठेवलं तर चालेल का? आणि तिचं ऑपरेशन लगेच करावं का?

प्रतिसाद १
एकत्र अजिबात ठेवू नका! माज ओसरला असं वाटायला लावणारा हाच काळ सगळ्यात धोक्याचा. पहिले साधारण ९ दिवस रक्त जातं, नर मागे लागतो, पण ती त्याच्यावर गुरगुरते. स्राव फिकट होतो तेव्हा ती नराला जवळ येऊ द्यायला लागते. शेपटीच्या मुळाशी खाजवून बघा, शेपूट बाजूला घेऊन स्थिर उभी राहिली तर ती तयार आहे. हा टप्पा सरासरी ९ दिवसांचा, पण २१ दिवसही चालू शकतो. म्हणून पहिला डाग दिसल्यापासून किमान पूर्ण ४ आठवडे मोजा.

डायपर फक्त फरशी वाचवतो. नर तो ओढून काढतो. ३-४ तासांनी बदला, शी-शूला नेताना काढा, नाहीतर त्वचा लाल होते. धुवायला नुसतं कोमट पाणी, जंतुनाशक नको.

दोघांच्या मध्ये एक नाही, दोन बंद दारं हवीत. एक उघडताना दुसरं बंद. बाहेर कायम पट्ट्यावर, कितीही आज्ञाधारक असली तरी.

प्रश्नकर्ता
चुकून लागलेच, म्हणजे मिलन होऊन एकमेकांना अडकलेच तर?

प्रतिसाद २
ओढून सोडवू नका. नराच्या लिंगाच्या मुळाशी गाठ फुगलेली असते, ताणलं तर दोघांनाही इजा होते. ५ ते ४५ मिनिटांत आपोआप सुटतात, तोवर दोघांना शांत धरून ठेवा. मग लगेच व्हेटला गाठा, गर्भ राहू न देण्याचे उपाय आहेत. शुक्राणू आत बरेच दिवस जगतात, त्यामुळे ‘एकदाच तर लागले’ म्हणून सोडून देऊ नका. माज थांबवणारं हार्मोनचं इंजेक्शन मात्र मागू नका, त्याने गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

प्रतिसाद ३
ऑपरेशनचं: आत्ता गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. निकड नसेल तर माज संपल्यावर २-३ महिने थांबतात. तोवर गर्भाशयात पू होत नाही ना, यावर लक्ष ठेवा. खूप पाणी पिणं, उलट्या, खाणं सोडणं, मलूल पडणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी व्हेट. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू बाहेर दिसतच नाही, आणि तोच प्रकार जास्त घातक.