मदत हवी आहे: मुलगी वाक्यंच्या वाक्यं बोलते, पण उत्तर देत नाही (ऑटिझम, वय साडेतीन)

निवांत_नाही

नमस्कार. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. ऑटिझमचं निदान झालेलं आहे आणि आम्हाला ते पटलेलं आहे, त्यामुळे "आणखी एका डॉक्टरना दाखवा" हे कृपया नको. प्रश्न तिच्या बोलण्याबद्दल आहे.

ती गप्प नाही, दिवसभर तोंड चालू असतं. पण तहान लागली की माझ्यापाशी येऊन म्हणते, "पाणी हवंय का तुला?" अगदी माझ्याच सुरात, "तुला" वर चढवून. म्हणजे पाणी तिला हवं असतं. "नाव काय तुझं?" विचारलं की "नाव काय तुझं?" हेच परत येतं. मिक्सर लागला किंवा कुणी दार आपटलं की "सावकाश, पडशील!" असं ओरडते. एकदा जिन्यावरून घसरली होती तेव्हा तिचे बाबा तसं ओरडले होते. आता जिना नाही, पडणं नाही, तरी तेच वाक्य.

कार्टूनमधले संवाद धडाधड म्हणते. अक्षरं ओळखते, पाट्या वाचते, आम्ही काही शिकवलेलं नाही. आणि दुसरीकडे "बूट आण" म्हटलं तर ढिम्म. बुटांकडे बोट दाखवलं तर आणते. स्वतः बोटाने काही दाखवत नाही, हवं असेल तिथे माझं मनगट धरून नेते. विमान गेलं की वर बघून उड्या मारते, पण "बघितलंस का?" अशा अर्थाने माझ्याकडे वळत नाही.

आधीच्या थेरपिस्ट म्हणायच्या, नक्कल केली की दुर्लक्ष करा, "नीट सांग" म्हणा. आताच्या म्हणतात, ते तोडू नका, तेच तिचं बोलणं आहे. कुणाचं ऐकू? त्यांनी चित्रांची कार्डं आणि टॅबवरचं चित्रांचं ॲपही सुचवलंय. सासूबाईंना वाटतं, चित्र दाखवून काम होत असेल तर पोर तोंड कशाला उघडेल? खरं सांगायचं तर भीती मलाही आहे. शिवाय घरी मराठी, बाहेर दुसरी भाषा, तर "एकच ठेवा" असा सल्ला येतो. आणि नातेवाइकांचं पालुपद ठरलेलं: एवढं बोलते, हिला कसला आलाय ऑटिझम!

अनुस्वार

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. मुलीला न बघता बोलतेय, हे धरून चाला.

आधी नातेवाइकांचं उरकू. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम पहिल्यांदा नीट मांडला. त्यातली ८ मुलं बोलत होती. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं, स्वतःला "तू" म्हणणं, हे सगळं त्याच लेखात आहे. म्हणजे तुमची मुलगी ऑटिझमच्या अगदी पहिल्याच वर्णनात बसते. २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये (निदानासाठी वापरतात ते अमेरिकी मार्गदर्शक पुस्तक) भाषा उशिरा येणं हा निदानाचा निकषच उरलेला नाही. ऑटिझम आहे की नाही हे एक, आणि सोबत भाषेची अडचण आहे की नाही हे वेगळं नोंदवायचं असतं. भरपूर बोलणारं मूल ऑटिस्टिक असू शकतं आणि अजिबात न बोलणारं मूल नसूही शकतं.

आता खरा मुद्दा. नक्कल करण्याला एकोलालिया म्हणतात. एके काळी ती नुसती सवय समजून मोडायचा प्रयत्न व्हायचा, तुमच्या पहिल्या थेरपिस्टचा सल्ला तिथून आलेला असावा. बॅरी प्रिझंट आणि जुडिथ डुकन यांनी १९८१ साली चार ऑटिस्टिक मुलांचे हजारावर असे उद्गार व्हिडिओवर तपासले आणि त्यांचे सात वेगवेगळे उपयोग दाखवले. कुठे आपली पाळी घ्यायला, कुठे "हो" म्हणायला, कुठे मागायला, कुठे स्वतःच्याच कृतीला दिशा द्यायला. तेव्हा "पाणी हवंय का तुला?" ही मागणी आहे आणि ती चोख आहे. प्रसंग बरोबर, माणूस बरोबर, वाक्य तेवढं उसनं.

त्यामुळे मी आताच्या थेरपिस्टच्या बाजूने आहे, पण अर्धीच. "तोडू नका" हे बरोबर, पण "होऊ दे जसं होतंय तसं" हे नाही. तिने ते वाक्य म्हटलं की पाणी द्या आणि देताना *तिच्या* तोंडी शोभेल असं वाक्य बोला: "मला पाणी हवंय." तिच्याकडून वदवून घ्यायचं नाही, अडवून धरायचं नाही. एकदा म्हणायचं, पाणी द्यायचं, पुढे जायचं.

दुसरं, प्रश्न कमी करा. "हे काय? रंग कोणता? कुणी दिलं?" असा दिवसभर तोंडी परीक्षेचा मारा असेल तर नक्कल करणारं मूल प्रश्नच शिकतं, कारण त्याच्या कानावर तेच पडतं. त्याऐवजी जे चाललंय ते सांगा. "बूट घातला. पट्टा लावला. घट्ट झाला."

हल्ली नेटवर "गेस्टाल्ट" शिकणारी मुलं आणि त्यांच्या पायऱ्या यावर खूप वाचायला मिळेल. काही मुलं आधी अख्खं वाक्य उचलतात आणि मग त्याचे तुकडे पाडतात, हे निरीक्षण जुनं आणि उपयोगी आहे. पण त्यावर बेतलेल्या ठरावीक थेरपीने किती फरक पडतो याचा पुरावा अजून तोकडा आहे. कुणी "हीच एक पद्धत" म्हणून महागडी पॅकेजं विकत असेल तर सांभाळून.

आणि मला तिच्या बोलण्यापेक्षा "बूट आण" जास्त महत्त्वाचं वाटतंय. बहुतेक लहान मुलांना बोलता येतं त्याच्या कितीतरी जास्त समजत असतं. ऑटिस्टिक मुलांमध्ये ही आघाडी पुष्कळदा दिसत नाही, समज बोलण्याइतकीच किंवा त्याहून मागे असते. लांबलचक संवाद ऐकून घरच्यांना वाटतं हिला सगळं कळतंय, मुद्दाम ऐकत नाही. वाचनाचंही तेच, पाटी वाचता येणं म्हणजे ती समजणं नव्हे. हात, मान, नजर यांचा काहीही इशारा न देता तिला कोणत्या सूचना कळतात ते बघून ठेवा. थेरपीची सुरुवात तिथून व्हायला हवी.

चिंचोका

ऑडिओमेट्री किंवा बेरा झाली आहे ना? निदान पक्कं असलं तरी कान तपासलेले असावेत. कार्टूनचे संवाद म्हणते म्हणजे ऐकू येतं, असं धरून बसू नका. एका कानाची किंवा सौम्य अडचण अशीच निसटते.

निवांत_नाही

@चिंचोका, बेरा झाली आहे, दोन्ही कान ठीक.

@अनुस्वार, खूप आभार. समज वेगळी तपासायची हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. रिपोर्टमध्ये नुसतं "स्पीच डिले" लिहिलंय.

रोखठोक

हल्ली प्रत्येक गोष्टीला थेरपी. माझा पुतण्या चार वर्षांपर्यंत एक शब्द बोलत नव्हता, आता ऐकत नाही इतका बोलतो. काही केलं नाही कुणी. मुलांना मुलांमध्ये सोडा, आपोआप होतं.

अनुस्वार

@रोखठोक, पुतण्याचं ऐकून आनंद झाला. चार वर्षांनंतर बोलणं येत नाही हा समज चुकीचाच आहे. २०१३ साली अमेरिकेत चार वर्षांपर्यंत शब्द जोडून न बोलणाऱ्या ५३५ ऑटिस्टिक मुलांची माहिती तपासली गेली. त्यातली ७० टक्के मुलं पुढे शब्द जोडून बोलायला लागली आणि ४७ टक्के मुलं सलग बोलायला लागली. पण त्याच आकड्यांचा अर्थ असा की ३० टक्के मुलं तपासणीपर्यंत तिथे पोचली नव्हती. आपलं मूल कोणत्या गटात जाईल हे आधी कळत नाही. "आपोआप होतं" हे झाल्यावर म्हणायला ठीक आहे. आणि या ताईंची मुलगी तर बोलते आहे, त्यांचा प्रश्नच वेगळा आहे.

उंबरठा

सासूबाईंच्या शंकेबद्दल लिहिते, कारण ती आमच्याही घरात होती आणि पुरून उरली होती.

माझा मुलगा आता मोठा आहे. लहानपणी बोलणं जवळजवळ नव्हतं. कार्डं आणली तेव्हा घरात दोन तट पडले. पहिलं बदललं ते रडणं. काय हवंय ते आम्हाला कळत नाही म्हणून जमिनीवर लोळण घ्यायचा, ते ओसरलं. शब्द नंतर आले, आणि गंमत म्हणजे कार्ड हातात देता देता आले. चित्र पुढे करायचा आणि सोबत अर्धामुर्धा आवाज काढायचा. शब्द पक्का झाला की ते कार्ड तो स्वतःच वापरायचं सोडून द्यायचा.

एका मुलावरून नियम नको म्हणून सांगते. २००६ साली याच प्रश्नावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले होते. नीट पुरावा असलेल्या २७ जणांमध्ये चित्रं, खुणा वगैरे सुरू केल्यावर ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं, कमी कुणाचंच झालं नाही. ते सगळे ऑटिस्टिक नव्हते आणि वाढही बहुतेकांची थोडीच होती, पण "चित्रामुळे तोंड बंद होईल" या भीतीला आधार नाही.

तुमच्या मुलीला शब्द आहेत, तर चित्रं कशाला, असं वाटेल. पण उसन्या वाक्यातून तिला जे सांगता येत नाही ("नको", "थांब", "दुखतंय", "आवाज बंद करा") त्यासाठीच चित्रं ठेवा. "नको" पहिलं. घरचे नेहमी "हवं"ची चित्रं आधी छापतात.

दोन भाषांचं उत्तर सोपं आहे: मराठी सोडू नका. दोन भाषा कानावर पडणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना त्यामुळे आणखी उशीर होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि आईने स्वतःच्या नसलेल्या भाषेत तुटक बोलून कुणाचं भलं होणार?

पिंपळपान

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान मोठेपणी झालं. "सावकाश, पडशील!" बद्दल लिहायला लॉगिन केलं.

मला ते वाक्य अजिबात अवांतर वाटत नाही. धक्का बसला, छाती धडधडली, त्या क्षणी बाबांच्या तोंडून जे आलं ते सगळं एकत्र साठलं. आता मिक्सरने तशीच धडधड झाली की तेच वाक्य वर येतं. तिच्या लेखी त्याचा अर्थ "मी घाबरले" असा असणार. माझ्याकडेही अशी वाक्यं आहेत, फक्त मी ती मनात म्हणायला शिकले. तेव्हा "इथे कोण पडतंय?" असं समजावत बसू नका. "दचकलीस. मोठा आवाज झाला" म्हणा, आणि मिक्सर लावायच्या आधी सांगत जा.

आणि "माझ्याकडे बघून बोल" हे नका करू. डोळ्यात बघायचं आणि ऐकायचं, दोन्ही एकदम मला आजही जमत नाही.

अनुस्वार

@पिंपळपान, अगदी. नजरेचं निघालंच आहे तर विमानाबद्दल राहिलेलं सांगते.

दुसऱ्याची नजर जिथे तिथे आपली नेणं, हा शब्द शिकायचा मोठा रस्ता आहे. आई चेंडूकडे बघत "चेंडू" म्हणते, बाळ आईच्या डोळ्यांवरून ओळखतं की शब्द कशाचा. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा प्रयोग आहे: मूल एका खेळण्याकडे बघत असताना मोठ्या माणसाने दुसऱ्याच खेळण्याकडे बघून नवा शब्द उच्चारायचा. ऑटिस्टिक मुलांपैकी बऱ्याच जणांनी तो शब्द स्वतःच्या हातातल्या खेळण्याला चिकटवला. म्हणजे शब्द शिकले, वस्तू चुकली.

यातून घरी करायची गोष्ट निघते. तिची नजर तुमच्याकडे ओढण्यापेक्षा तुम्ही तिच्या नजरेमागे जा. ती चाक फिरवत असेल तर "चाक. गरगर फिरतंय" म्हणा, "हे बघ, बाहुली!" नको. विमान गेलं तर तिच्या शेजारी, तिच्याच उंचीवर बसून वर बघा आणि "विमान!" म्हणा. ती वळली नाही तरी चालेल. बोट दाखवण्याचेही दोन प्रकार असतात, "दे" म्हणून आणि "बघ ना" म्हणून. दुसरा या मुलांना जास्त जड जातो, तेव्हा पहिल्यापासून सुरुवात करा. मनगट धरून नेलं की वस्तूच्या अलीकडे थांबा आणि तुमचं बोट तिकडे करून दाखवा.

निवांत_नाही

प्रश्न बंद करून नुसतं सांगायचा प्रयत्न सुरू केलाय. अवघड आहे, तोंडात प्रश्नच येतात! एक फरक लगेच दिसला. मी काहीच न विचारता तिच्या शेजारी ठोकळे रचत "अजून एक... अजून एक..." म्हणत होते, तर शेवटचा ठोकळा माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "अजून एक पडशील!" दोन वाक्यांची खिचडी, पण ही खिचडी मी तिला कधी दिलेली नाही.

एक शेवटचं: "मला पाणी हवंय" मी म्हणते, पण "मला" म्हणजे मी की ती, याने गोंधळ वाढणार नाही का?

अनुस्वार

तो ठोकळ्याचा प्रसंग तारीख घालून लिहून ठेवा आणि थेरपिस्टना दाखवा. साठवलेली वाक्यं तुटून नव्याने जोडली जायला लागली की आम्ही त्याचीच वाट बघत असतो.

"मी-तू"चं: जिच्याशी सगळे फक्त समोरून बोलतात, तिच्या कानावर स्वतःसाठी कायम "तू"च पडतो. म्हणून दोन मोठी माणसं लागतात. तुम्ही बाबांना म्हणा "मला पाणी हवंय", त्यांनी तुम्हाला द्यायचं. मग ते म्हणतील "आता मला", तुम्ही द्यायचं. ती शेजारी बसून बघत असली म्हणजे झालं. तिच्याकडून काही अपेक्षा नको. आणि पुढच्या भेटीत समज आणि बोलणं या दोन्हींचं वेगवेगळं मूल्यमापन लेखी मागून घ्या, "स्पीच डिले" एवढ्यावर परत येऊ नका.