"कॅश क्लिअर कर" म्हटल्यावर तुमच्या घरी काय झालं? (अनुभव धागा)

तापीकाठचा

काल रात्री साडेनऊला आईचा फोन. डिशचा रिचार्ज मारत होती, पान नुसतं पांढरं आणि वर चकरी फिरतेय. मी इकडे पुण्यात पोळ्या लाटत होतो, फोन खांद्यात दाबून सांगितलं, आई वरची तीन टिंबं दाब, हिस्टरीत जा, तिथे कॅश लिहिलंय ते पूस. पलीकडे एकदम शांतता. मग मागून वडिलांचा आवाज, "कॅशले हात नको लावू वं!" ही कॅश म्हणजे कॅशे, ब्राउझरने साठवलेलं जुनं सामान, पण वडिलांना वाटलं पैसे.

आणि मला थेट २०१४ चा जून आठवला. बारावीनंतरच्या ॲडमिशनचा फॉर्म, शेवटचा दिवस. आम्ही बापलेक सकाळच्या एसटीने चोपड्याला. सायबर कॅफेत कूलर घरघर करतोय पण हवा गरमच. फॉर्म भरला, फोटो चढवला, पैसे भरायच्या पानावर गेलो की परत लॉगिनचं पान. लॉगिन केलं की परत तेच. दहा-बारा वेळा झालं, शेवटी ब्राउझरनेच हात टेकले, टू मेनी रिडायरेक्ट्स. कॅफेवाला भाऊ आला, पाहिलं, म्हणाला काही नाही काका, कॅश क्लिअर मारू. वडिलांनी त्याचं मनगटच धरलं. केळीची गाडी गेली होती त्याचे पैसे आदल्या दिवशीच खात्यात पडलेले, फी त्यातूनच जाणार होती. "कॅश राहू दे भो, दुसरं काय पुसायचं ते पूस."

कॅफेवाला हसला नाही, हे मला अजून लक्षात आहे. खिशातून दहाची नोट काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, काका ही कॅश, हिला मी हात लावत नाही, ही तुम्ही धरून बसा. वडील खरंच नोट मुठीत धरून बसले. त्याने कंट्रोल शिफ्ट डिलीट दाबलं, दोन टिका मारल्या, मी परत लॉगिन केलं आणि पान उघडलं. पावणेपाचला पावती हातात. वडिलांनी पहिल्यांदा पासबुक भरून आणायला लावलं, मग उसाचा रस.

तर तुमच्याकडचे किस्से येऊ द्या.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

दहाची नोट परत दिली का 😂

तापीकाठचा

दिली हो. वीस दिली, तो घेईना.

शहाद्याचा_दुकानदार

मी त्याच धंद्यातला, म्हणून जरा लांबण लावतो, गिऱ्हाईक आलं तर अर्धवट सोडीन. ते लॉगिनचं चक्र का होतं ते सांगतो. कुकी म्हणजे देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो ना तो नंबरचा बिल्ला. साईट तुम्हाला बिल्ला देते, पुढच्या प्रत्येक पानावर तो पाहूनच ओळखते. आता बिल्ला जुना झाला. आतला माणूस म्हणतो हा चालत नाही, काउंटरवर जा. काउंटरवाला म्हणतो तुमच्याकडे बिल्ला आहे की, आत जा. तुम्ही उन्हात अनवाणी दोघांच्या मधे. बिल्ला फेकून द्या, नवीन घ्या, संपलं. कॅशेचं वेगळं, ती म्हणजे साईटची चित्रं, डिझाईन वगैरे आपल्याच मशीनमधे साठवून ठेवलेलं, दर वेळी नेटवरून आणायला नको म्हणून. साईट बदलली आणि घरातलं जुनंच राहिलं की पान वेडंवाकडं दिसतं, बटन दाबलं जात नाही.

माझ्या दुकानात एका कॉम्प्युटरवर दिवसभरात तीस-चाळीस जण येऊन जातात. सीझनमधे एकदा चारशे नंबरचा एरर यायला लागला, कुकी टू लार्ज. म्हणजे एवढे बिल्ले गळ्यात झाले की दारातून माणूसच आत जाईना. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईकाला नवी इनकॉग्निटो विंडो, कंट्रोल शिफ्ट एन, काम झालं की बंद. तुमचं लॉगिनही मागे राहत नाही. नाहीतर लोक आमच्याकडे काय काय उघडं टाकून जातात, एकाचं

शहाद्याचा_दुकानदार

आलो. काय सांगत होतो विसरलो.

कळण्याची_भाकरी

अनवाणी दोघांच्या मधे 🤣🤣 आमच्या जिल्ह्यातलं प्रत्येक काम असंच होतं भाऊ, त्याला कुकी लागत नाही

माहेर_यावल

माझं उलटंच झालं. मागच्या उन्हाळ्यात बिबड्यांचा घाट घातला होता, चुलीवर पातेलं, आणि मुलीचं परीक्षेचं हॉलतिकीट उघडेना. कोणीतरी म्हणालं कॅशे पुसा. मी एका हातात घाटणं धरून दुसऱ्या हाताने मोबाईलवर दिसतील तेवढ्या सगळ्या टिका मारल्या. त्यात सेव्ह केलेले पासवर्ड अशी पण टीक होती. हॉलतिकीट उघडलं हो, पण घरातल्या चौघांचे सगळे पासवर्ड गेले, यांच्या ऑफिसचा पण. ते संध्याकाळी आले, काही बोलले नाहीत, नुसते बिबडे मोजत बसले. ती टीक काढून टाकायची, फक्त कुकी आणि कॅशे ठेवायचं, एवढं तरी शिका माझ्याकडून.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

ताई ज्वारी किती दिवस भिजवता?

माहेर_यावल

तीन. रोज पाणी बदलायचं. नाहीतर वास येतो.

निवृत्त_मास्तर

मी ७१ वर्षांचा आहे, टायपिंग सावकाश आहे, चूकभूल देणे घेणे. आमच्या जुन्या संगणकावर एके दिवशी कोणतीच साईट उघडेना, प्रत्येक ठिकाणी हे सुरक्षित नाही, हे सुरक्षित नाही. नातवाने फोनवरून कॅशे पुसायला लावली. पुसली. परत पुसली. आठवडाभर मी रोज सकाळी पूजेनंतर कॅशे पुसत होतो. शेवटी भुसावळहून भाचा आला, त्याने कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं तर तारीख १ जानेवारी २००२. आत नाण्यासारखी एक बॅटरी असते, सीआर २०३२, ती संपली होती. साईटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, संगणकाची तारीखच चुकीची म्हटल्यावर त्याला सगळी प्रमाणपत्रे खोटी वाटायला लागली. बॅटरी बदलली, तारीख लावली, झाले. तारीख आधी पाहावी.

भुसावळ_जंक्शन

मास्तर नमस्कार 🙏 पूजेनंतर कॅशे

ऊन_४५

मला या कॅशे पुसा वाल्यांचा खरंच राग येतो. सर्दी झाली, हळददूध. पाय मोडला, हळददूध. पाचशे, पाचशेदोन, पाचशेतीन असा नंबर दिसला की गडबड त्यांच्या सर्व्हरकडे, तुम्ही मोबाईल धुवून वाळत घातला तरी काही होणार नाही. मी एकदा अख्खी दुपार घालवली, दोनदा फोन रिसेट केला, आणि संध्याकाळी आपोआप चालू. पुसायच्या आधी इनकॉग्निटोत उघडून पाहा. तिथे उघडलं तर दोष आपल्या साठवणीत. तिथेही नाही तर शेजाऱ्याच्या फोनवर, त्याच्या नेटवर पाहा. त्याच्याकडेही नाही तर चहा प्या.

धुळ्याचा_सध्या_हिंजवडी

कबुलीजबाब देऊ का, मी साईटी बनवतो. आम्ही "कॅशे क्लिअर करून बघा" म्हणतो तेव्हा पुष्कळदा चूक आमचीच असते. नवीन फाईल चढवली पण नाव जुनंच ठेवलं की तुमचा ब्राउझर म्हणतो ही तर आहे माझ्याकडे, आणि जुनीच दाखवतो. नावापुढे नंबर बदलला असता तर तुम्हाला काही करावंच लागलं नसतं. एवढं करायला आळस येतो आणि मग चोपड्यात कोणाच्या तरी वडिलांच्या पोटात गोळा येतो, सॉरी काका. कॉम्प्युटरवर आधी कंट्रोल एफ५ मारून बघत जा, तेवढं पान नव्याने येतं, बाकी काही पुसलं जात नाही. आणि पुसायचंच तर सगळं कशाला, पत्त्याच्या डावीकडे छोटं चिन्ह असतं तिथून फक्त त्या साईटच्या कुकी उडवता येतात.

कळण्याची_भाकरी

पण कुकीच का म्हणतात? नानकटाई का नाही

धुळ्याचा_सध्या_हिंजवडी

१९९४ ला नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली म्हणून इंजिनिअर होता त्याने काढली. युनिक्स या जुन्या कॉम्प्युटर सिस्टिममधे प्रोग्राम एकमेकांना देतात त्या छोट्या खुणेला आधीपासून मॅजिक कुकी असा शब्द होता, तोच उचलला. तो धुळ्याचा असता तर नानकटाई झाली असती

अमळनेरकर

धुळ्याचं काय घेऊन बसलात, कॉम्प्युटरचा विषय निघालाच आहे तर विप्रो आमच्या अमळनेरची. १९४५. वनस्पती तूप बनवायची तेव्हा.

ऊन_४५

आलाच का हा. कोणताही धागा काढा, दहाव्या कमेंटला अमळनेर.

अमळनेरकर

खरंय ते सांगितलं. शेअर घेतले असते आमच्या आजोबांनी तर मी इथे कमेंट करत बसलो नसतो

केळीबाग_रावेर

फोनमधे सेटिंगमधून ॲपवर गेलं की दोन बटनं असतात, क्लिअर कॅशे आणि क्लिअर डेटा. दुसरं दाबू नका. मी पैशाच्या ॲपचं दाबलं, ॲप कोरं करकरीत, परत नंबर टाका परत मेसेजवरून खात्री, आणि सिम पोराच्या फोनमधे, पोरगा नाशिकला. मजूर दारात उभे. बायकोच्या डब्यातून दिले शेवटी.

माहेर_यावल

म्हणजे कॅश डब्यातलीच कामाला आली 😀

नंदुरबारी

आमची आजी म्हणायची "बठं पुसाई गयं ते मंग काय ऱ्हायनं?" ती शेतीच्या कर्जाबद्दल म्हणायची पण धागा वाचून आठवलं

शहाद्याचा_दुकानदार

आठवलं! एकाचं लग्नाच्या साईटचं खातं उघडं राहिलं होतं, पुढच्या गिऱ्हाईकाने पाहिलं तर ते त्याच्याच साडूचं. बाकी सांगत नाही.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

सांगा की ओ

भुसावळ_जंक्शन

सांगा सांगा, इनकॉग्निटोत सांगा

तापीकाठचा

अपडेट देतो. आईने शेवटी वडील अंगणात गेल्यावर पुसलं, पान उघडलं, पण आता ती साईट परत लॉगिन मागतेय. पासवर्ड डायरीत लिहिलेला. डायरी रेशनकार्डाच्या पिशवीत. पिशवी मावशी घेऊन गेली, तिच्याकडे काहीतरी कागद लागत होता. सकाळपासून डिश बंद आणि वडील मला फोनवर म्हणतात, सांगितलं होतं का नव्हतं.

अमळनेरकर

मावशी कोणत्या गावच्या?