ऑनलाइन वर्ग: थेट तास घ्यावा की लेखी शेरे द्यावेत?

खडूफळा
माझं स्पष्ट मत आहे: ऑनलाइन शिक्षकाने थेट तासात व्याख्यान देऊ नये. ते रेकॉर्ड करून द्यावं आणि वाचलेला वेळ प्रत्येकाच्या गृहपाठावर शेरे लिहिण्यात घालवावा. शिक्षणतज्ज्ञ मायकल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातल्या संवादाचे तीन प्रकार मांडले: विद्यार्थ्याचा आशयाशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी. व्याख्यान चालू असताना यातला शिक्षकाशी संवाद नावालाच उरतो. "समजलं का?" विचारलं की चॅटमध्ये "हो सर"ची रांग लागते. कुणाचं कुठे अडलंय, काही कळत नाही.

याउलट १/२ + १/३ = २/५ असं लिहिणाऱ्या मुलाला "उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आलंय, बघ बरं" एवढा शेरा दिला, तर चूक त्याची त्यालाच सापडते.

काठावरचा
अजिबात पटलं नाही. तुमचा शेरा दोन दिवसांनी पोचणार. तोवर त्याने त्याच पद्धतीने आणखी वीस गणितं चुकवलेली असतात!

"हो सर" येतं ते प्रश्नच तसा असतो म्हणून. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलं सविस्तर उत्तरं देतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. ऑनलाइन तर माइक सुरू करण्यातच तेवढे सेकंद जातात. म्हणून मी सांगतो, "उत्तर टाइप करून ठेवा, मी म्हटल्यावर एकदमच पाठवा." कुणी कुणाचं बघून लिहीत नाही आणि सगळ्या वर्गाचा गोंधळ लगेच समोर येतो.

रात्रपाळी
मी नोकरी सांभाळून शिकते, थेट तास निम्मे हुकतात. वर्गात तोंड उघडायला कचरते, पण लिहून शंका विचारते. फक्त शेऱ्यात "छान" किंवा "सुधारणा हवी" एवढंच असेल तर त्याला संवाद म्हणू नका. त्यापेक्षा थेट तास परवडला.

काठावरचा
@खडूफळा, हिशोब करा. चाळीस जण, प्रत्येकी दहा मिनिटं: एका गृहपाठाला जवळजवळ पावणेसात तास. कोण देणार?

खडूफळा
एकदम उत्तरं पाठवण्याची युक्ती चांगली आहे, ती मी वापरेन. पण तुमचा हिशोब तुकडीच्या आकाराविरुद्ध जातो, शेऱ्यांविरुद्ध नाही. ऑनलाइन आहे म्हणून वर्गात वाटेल तितकी मुलं भरायची, हे संस्थांना आपणच ठणकावून नाकारायला हवं.