लेखात दुसऱ्याचे फोटो आणि मजकूर वापरताना श्रेय कसं द्यावं? सल्ला हवा

माळटिटवी
पक्ष्यांवरची लेखमाला माझ्या साइटवर टाकायची आहे. तीन शंका आहेत.
१. विकिमीडिया कॉमन्सवरचे (खुल्या परवान्याच्या फोटोंचा संग्रह) फोटो घेतलेत. खाली 'आंतरजालावरून साभार' पुरेल का?
२. एका इंग्रजी लेखातले पाच-सहा परिच्छेद मराठीत आणलेत. लेखिकेचं नाव आणि दुवा देणार आहे.
३. नकळत कुणाची वाक्यं उतरली नाहीत ना, हे कशात तपासावं?
साइटवर जाहिराती आहेत. खर्च शून्य ठेवायचा आहे, वर्गणीवालं काही नको.

खटपट्या
तपासायला सशुल्क सेवाच घ्या. फुकटवाल्या एका वेळी थोडाच मजकूर घेतात, लेखाचे तुकडे करत बसावं लागतं. मी वर्षाची वर्गणी भरतो, प्रत्येक लेखाचा अहवाल जपून ठेवतो. चांगल्या कामाला पैसे लागतातच.

तळटीप
वर्गणी नको असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. शिवाय त्या अहवालातली टक्केवारी म्हणजे साम्य, चोरी नव्हे. अवतरणचिन्हांतला उतारा आणि संदर्भांची यादी धरूनही आकडा फुगतो. उलट इंग्रजीतून मराठीत आणलेला परिच्छेद शून्य टक्के दाखवू शकतो, कारण असं साधन मुख्यतः त्याच भाषेतले शब्द जुळवतं.
फुकट उपाय: ज्या वाक्याबद्दल शंका आहे त्यातले सलग आठ-दहा शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा. वाक्य 'ऱ्या', 'ऱ्हा' नसलेलं निवडा. काही कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर टंकतात, काही साध्या 'र'चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखं दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं, त्यामुळे नेमका शोध चुकू शकतो. 'ॲ'चंही तसंच.

वाचनवेडा
+१. फुकट शोध पुरतो. अवतरणचिन्हं विसरू नका.

शाईची दौत
पहिल्या प्रश्नाबद्दल. 'आंतरजालावरून साभार' हे श्रेय नव्हेच, आंतरजालाने फोटो काढलेला नाही. कॉमन्सवर फोटोच्या पानावर परवाना लिहिलेला असतो, तो आधी वाचा. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स हे खुले परवाने; 'बाय' म्हणजे नाव द्या, 'एसए' म्हणजे त्यावरून केलेलं कामही त्याच परवान्याखाली द्या. सीसी बाय किंवा बाय-एसए असेल तर ओळ अशी हवी:
फोटो: छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, कडा कापल्या आहेत.
नावाला किंवा 'कॉमन्स'ला फोटोच्या पानाचा दुवा, परवान्याला परवान्याच्या पानाचा. नुसत्या मुख्यपृष्ठाचा दुवा देऊ नका, त्यावरून कुणालाच फोटो सापडत नाही. कापाकापी किंवा रंगबदल केला असेल तर तसं नोंदवणं बंधनकारक आहे. फोटोचं शीर्षक ४.० आवृत्तीत सक्तीचं नाही, आधीच्या आवृत्त्यांत दिलेलं असेल तर लिहावं लागतं.
नाव लिहायचं राहिलं तर परवाना आपोआप संपतो. ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर तो पुन्हा लागू होतो.
ही ओळ फोटोखालीच ठेवा. लेखाच्या तळाशी यादी दिली की कुठला फोटो कुणाचा हे वाचकाला जुळवत बसावं लागतं.

खटपट्या
बाय-एसए फोटो घातला की अख्खा लेख बाय-एसए करावा लागतो. म्हणून मी ते घेतच नाही.

शाईची दौत
नाही. फोटो लेखाशेजारी ठेवल्याने लेख त्या फोटोचं रूपांतर ठरत नाही. फोटोवर काम करून नवं चित्र केलंत तर ते चित्र बाय-एसए राहील. विकिपीडियाचा मजकूर मात्र वेगळा. तो २०२३ पासून बाय-एसए ४.० खाली आहे आणि त्याचा अनुवाद केला तर अनुवादही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.
माळटिटवी, जाहिराती आहेत म्हणता, तर 'एनसी' (फक्त अव्यावसायिक वापराला मुभा) लिहिलेले फोटो इतर साइटवरूनही घेऊ नका. अव्यावसायिक म्हणजे नेमकं किती, या वादात पडण्यापेक्षा ते बरं.

गवतफुला
इतकं कशाला? फोटो उतरवून न घेता मूळ साइटवरचा पत्ताच लेखात चिकटवा. प्रत काढलीच नाही, तर चोरी कसली?

तळटीप
असं करू नका. तुमचा प्रत्येक वाचक त्यांच्या सर्व्हरवर भार टाकतो आणि तो खर्च ते भरतात. त्यांनी पत्ता बदलला की तुमच्याकडे रिकामी चौकट. त्यांनी त्याच पत्त्यावर दुसरं चित्र ठेवलं तर ते तुमच्या लेखात दिसणार. आणि श्रेय तरीही द्यायचं राहतंच.

वाचनवेडा
दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोलत नाही. नाव आणि दुवा दिला की झालं, असं मला वाटतं. ३०० शब्दांपर्यंत तर चालतंच.

उंबरठा
असा शब्दांचा सरसकट आकडा बर्न करारात, म्हणजे लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, नाही. त्याचं दहावं कलम अवतरण घ्यायला मुभा देतं, पण ते उद्देशाला पुरेल इतकंच हवं, आणि स्रोत व लेखकाचं नाव द्यायला हवं. अनुवादाचा हक्क आठव्या कलमाने मूळ लेखकाकडे आहे. सलग पाच-सहा परिच्छेद मराठीत आणणं हे अवतरण नव्हे, अनुवाद आहे.
श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव दिल्याने परवानगी मिळत नाही, आणि परवानगी मिळाली म्हणून नाव गाळता येत नाही. मूळ लेखिकेला पत्र पाठवा: कोणते परिच्छेद, कुठे छापणार, साइटवर जाहिराती आहेत, श्रेयाची ओळ कशी असेल. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ नकार.
माहिती मात्र कुणाच्या मालकीची नसते. पक्षी घरटं कधी बांधतो हे कुणीही लिहावं. मुद्दे टिपा, मूळ लेख बंद करा, मग स्वतःच्या क्रमाने लिहा आणि शेवटी पुन्हा ताडून पाहा. मूळ समोर ठेवून एकेक शब्द बदलत गेलं की वाक्यांचा सांगाडा त्यांचाच राहतो. निरीक्षण एकट्या लेखिकेचं असेल तर स्वतःच्या शब्दांत लिहूनही नाव द्यायचं.

शाईची दौत
उंबरठा यांच्याशी सहमत. पत्र पाठवाच.

वाचनवेडा
अवांतर: 'लेखक अज्ञात' म्हणून फिरणाऱ्या मजकुराचा मूळ लेखक कसा शोधायचा?

तळटीप
पहिली आणि शेवटची ओळ सोडा, पुढे पाठवणारे तीच बदलतात. मधलं एखादं वेगळं वाक्य शोधा. सापडलेल्या पानावरच्या तारखेवर विसंबू नका, ती बदलता येते. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) त्या पानाची सर्वांत जुनी नोंद बघा. लेखक सापडला नाही तर मजकूर छापू नये. 'अज्ञात' लिहिल्याने हक्क संपत नाही.
माळटिटवी, तुम्हीही फोटोचं पान घेतल्या दिवशीच वेबॅकवर जतन करा. पुढे कुणी परवाना बदलला तरी तुम्ही तो कोणत्या अटींवर घेतला याचा पुरावा राहतो.

माळटिटवी
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. परिच्छेद काढून टाकते, पत्रही पाठवत नाही. लेखमाला उत्तराची वाट बघत थांबवायची नाही. त्या लेखातलं एकच वाक्य अवतरणात घेईन, नाव आणि दुव्यासह. फोटो फक्त सीसी० (हक्क सोडून दिलेले) आणि सार्वजनिक मालकीचे घेणार, आणि त्यांची नावं तळाशी यादीत, फोटोला क्रमांक देऊन. फोटोखाली ओळ नको, मोबाइलवर पान तुटतं.

शाईची दौत
पत्र पाठवायला हवं होतं. सीसी०ला नाव सक्तीचं नाही, तरी देताय हे चांगलं. फक्त फोटो घेताना अपलोड करणारा आणि छायाचित्रकार एकच आहे का ते बघा. दुसऱ्याच्या फोटोवर कुणीही सीसी०ची खूण लावली तर ती लागू होत नाही. शंका आली तर टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या साइटवर फोटो टाका. तोच फोटो आधी दुसऱ्याच नावाने आलेला दिसला तर सोडून द्या.