घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

घोरण्यावरच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय की माणूस घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, काळजी नको. नाही हो! आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात अख्खी गल्ली गच्चीवर झोपते, तेव्हा नीट कान द्या. घोरणं चालू असतं, मध्येच एकदम चिडीचूप, आणि मग मोठ्ठा श्वास ओढत माणूस धडपडून कूस बदलतो. ती मधली शांतताच वाईट. घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हेच, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. झोपेत श्वास असा अडण्यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात.

कॉलिन सलिव्हन यांचं नाव इथे कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. त्यांच्याआधी गंभीर स्लीप ॲप्नियावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं! सिडनीच्या या डॉक्टरांनी नाकावाटे हवेचा दाब दिला आणि घसा मिटेनासा झाला. पाच रुग्णांवरचा त्यांचा निबंध १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. झोपेत हवेचा दाब देणारं आजचं सीपॅप मशीन त्यातलंच.

बाकी यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा पेंग येणारच, तो लगेच ॲप्निया नव्हे. पण दिवसपाळीवालाही गाडी चालवताना पेंगत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.