मदत हवी आहे: धरणावर आमचीच बंदी आम्हाला पाळता येत नाही, किनाऱ्यावरच्या मंडळींनी मार्ग सांगावा

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातला, इगतपुरी तालुक्यातला. इथल्या एका धरणावर आमच्या मच्छीमार सोसायटीचा ठेका आहे आणि दोन वर्षांपासून सोसायटीचं लिखापढीचं काम माझ्याकडे आहे. समुद्र घाटाखाली राहिला, तरी प्रश्न किनाऱ्यावरच्यांनाच विचारतोय, कारण पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायची रीत तुमच्याकडे कायद्याच्याही आधीपासून आहे.

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून सोसायटी दरवर्षी पैसे भरून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणते आणि धरणात सोडते. ती मोठी होऊ दिली तरच ठेक्याची रक्कम निघते. गेल्या वर्षी सगळ्यांनी बसून ठराव केला: बोटुकली सोडल्यावर दोन महिने जाळं टाकायचं नाही, आणि बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं तर कधीच वापरायचं नाही. सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाले.

पंधरा दिवस टिकला तो ठराव. एका पहाटे काठावर गेलो तर दोघं जण मच्छरदाणीचं कापड ओढत होते. झोळात चिखल, शेवाळ आणि बोटाएवढी रोहूची पिल्लं, तोंडं उघडी टाकून पडलेली. ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आम्ही ती आणली, त्या अजून माझ्या पडवीत घडी करून ठेवलेल्या होत्या. ओढणारा परका असता तर भांडलो असतो. तो आमचाच सभासद, नात्यानं माझा काका. म्हणाला, "दोन महिने घरात काय शिजवू, तेवढं सांग. सांगितलंस की टाकतो कापड." व्यापाऱ्याची उचल त्याच्या डोक्यावर आहे, हे मला माहीत होतं. मी तसाच परत आलो.

दंड लावा असं काही जण म्हणतात. पण ज्याच्याकडे उचल फेडायला पैसे नाहीत तो दंड कुठून भरणार? आणि एकाला सोडलं की दुसरा म्हणतो, मी एकट्यानंच का थांबायचं? रात्री टायरच्या ट्यूबवर बसून मासे मारायला येणारे बाहेरचे वेगळेच.

तुमच्याकडे १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा आहे, १ जून ते ३१ जुलै बंदी असते, २०२३ पासून ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली आहे. मला विचारायचंय ते कागदाच्या पलीकडचं. गावात बंदी खरी कोण पाळून घेतं? थांबलेल्या माणसाचं घर त्या काळात कसं चालतं? आणि आपल्याच माणसानं मोडली तर काय करता?

प्रतिसाद, मालवणहून

भाऊ, आमच्याकडे सगळं सुरळीत आहे असं समजू नका. जून-जुलैत दर्या स्वतःच खवळलेला, म्हणून बंदी निम्मी तोच पाळून घेतो. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं होडी लोटत नसत. आता १ ऑगस्टला बंदी उठते, पौर्णिमा बहुतेक वेळा नंतर येते, आणि जो थांबतो तो मागे पडतो. एलईडी दिव्यांच्या उजेडाकडे मासे ओढून करायच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रावर उजेड दिसतो. तुमच्या काकांचा प्रश्न इथेही तोच.

पण एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे रापण असते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्यात जाळं एकाचं नसतं. प्रत्येकानं आपला तुकडा आणायचा, ते जोडून एक लांब जाळं होतं. होडी ते अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात. मग वाटे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. आमच्या वाडीत दोर ओढायला न येऊ शकणाऱ्या म्हाताऱ्यांनाही चार मासे मिळतात. अशा जाळ्यानं कुणी चोरून मासेमारी करू शकत नाही, एकट्याला ते उचलतच नाही.

तुम्ही बंदी उठल्यावरची पहिली ओढ सगळ्यांची मिळून करून बघा. जो थांबला त्याला पूर्ण वाटा, आणि रात्री राखण करणाऱ्याला वर अर्धा. काकांना राखणीला बसवा. आणि प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी बचत आणि मदत आहे: सभासदाचे १५००, सरकारचे ३०००. जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात विचारा. रक्कम थोडी आहे, पण उचलीसाठी व्यापाऱ्याच्या दारात जाणं थोडं लांबतं.

मूळ प्रश्नकर्ता

दादा, मनापासून आभार. काकांना राखणीला बसवायचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रविवारच्या बैठकीत मांडतो. अजून एक सांगा: वाटे पाडताना मासे वजनावर करता की ढीग घालून? आमच्याकडे वजनकाट्यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात.